वडिलांचा काट्याचा मल्टिमीटर: कुठे वापरायचा, कुठे नाही

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: वडील ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात होते, त्यांच्या कपाटात काट्याचा जुना मल्टिमीटर सापडला. नवे सेल घातले तर चालू झाला. पण १२ व्होल्टच्या सप्लायवर दोन १०० किलोओहमचे रेझिस्टर सिरीजमध्ये लावून मधल्या जोडावर मोजलं, तर डिजिटल मीटर ५.९७ व्होल्ट दाखवतो आणि हा ४.८. शिवाय यावर डायोड उलटा दिसतो, ओहमच्या सगळ्यांत वरच्या रेंजवर काटा शून्यापर्यंत पोचत नाही, आणि घरातली २३० व्होल्टची लाइन याने तपासायची का, हेही तुम्हाला विचारायचंय.

माझं आयुष्य सातपूर-अंबडच्या कारखान्यांत मेंटेनन्समध्ये गेलं, आणि जुने मीटर दुरुस्त करणं हा माझा अजूनचा उद्योग आहे. नाशिकला असे मीटर घराघरांत निघतात. ओझर, एकलहऱ्याचं थर्मल, नाशिकरोडचं प्रेस, एमआयडीसी, सगळीकडे माणसं याच हत्याराने काम करायची. मोटवानेचा कारखाना तर नाशिकरोडलाच, त्यांचेही काट्याचे मीटर भरपूर फिरले.

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण बाकी कुठे चुकलं तर फार तर रीडिंग चुकेल. मीटरबॉक्स, मेन स्विच, थ्री फेज पॅनल, शेतावरचा मोटर स्टार्टर किंवा डीपी, या ठिकाणी हा मीटर लावायचा नाही. व्होल्टेज मोजायला तो कमी पडतो म्हणून नाही. ४०० व्होल्ट तो आरामात दाखवेल. अडचण आहे ती चूक झाली तर पुढे काय होईल याची. सिलेक्टर चुकून ओहमवर किंवा करंटवर राहिला आणि पिना फेज-न्यूट्रलला लागल्या, की त्या जागी मीटर म्हणजे जवळपास शॉर्टच. ट्रान्सफॉर्मरच्या जवळ असा शॉर्ट हजारो अँपिअर खेचतो. या मीटरमधला काचेचा छोटा फ्यूज असेल तर त्याने हा करंट तुटत नाही. तार वितळते, पण तिच्या जागी आर्क पेटतो आणि काच फुटून करंट तसाच वाहत राहतो. आजच्या चांगल्या मीटरमध्ये वाळू भरलेला, मोठा करंटही तोडणारा एचआरसी फ्यूज असतो, पिनांचा धातू झाकलेला असतो आणि अंगावर कॅट-३ ६०० व्होल्ट असं सुरक्षिततेचं रेटिंग छापलेलं असतं. तुमच्या मीटरच्या काळात हे रेटिंगच नव्हतं. त्या काळी सगळे याच मीटरने पॅनल तपासायचे हे खरं, पण त्यातल्या किती जणांच्या हातावर भाजल्याच्या खुणा होत्या तेही मी पाहिलंय.

घरातल्या सहा-दहा अँपिअरच्या एमसीबीच्या पुढचा सॉकेट असेल, लीड (पिनांच्या वायरी) नव्या आणि फ्यूजवाल्या असतील, सिलेक्टर दोनदा बघितला असेल, तर माझी फारशी हरकत नाही. तरी लाइनच्या कामासाठी एक कॅट-३ डिजिटल मीटर घ्याच. जुन्याचं खरं काम टेबलावर आहे.

आता ५.९७ आणि ४.८. दोन्ही मीटर खरंच बोलताहेत. काट्याचा मीटर चालतो तो सर्किटकडून करंट घेऊन. काटा हलवायला लागणारी ताकद तुमचं सर्किटच देतं. डायलच्या कोपऱ्यात बारीक अक्षरांत २०,००० ओहम पर व्होल्ट असं लिहिलेलं असेल. याचा अर्थ, काटा पूर्ण उजवीकडे जायला ५० मायक्रोअँपिअर लागतात, आणि १० व्होल्टच्या रेंजवर मीटरचा स्वतःचा रेझिस्टन्स १० गुणिले २०,००० म्हणजे दोन लाख ओहम असतो. तुम्ही पिना लावल्या तेव्हा खालच्या १०० किलोओहमला समांतर हे २०० किलोओहम आले. दोन्ही मिळून झाले ६६.७. आता वर १०० आणि खाली ६६.७, तर १२ व्होल्टपैकी खालच्या वाट्याला ४.८ व्होल्ट येतात. मीटरने अचूक ४.८ दाखवलं, कारण पिना लागलेल्या असताना तिथे खरोखरच ४.८ व्होल्ट होते. डिजिटलचा रेझिस्टन्स बहुधा एक कोटी ओहम, म्हणून त्याने सर्किटला जेमतेम धक्का लावला.

हे स्वतः करून बघा: तोच पॉइंट ५० व्होल्टच्या रेंजवर मोजा. आता मीटर दहा लाख ओहमचा झाला, काटा ५.७ च्या आसपास जाईल. (या रेंजवर डोळ्याने पॉइंट सात वाचणं अवघड आहे, पण काटा पाचाच्या वर गेलेला कळेल.) रेंज बदलल्यावर रीडिंग बदललं तर समजायचं की मीटर सर्किट ओढतोय. रेंज बदलूनही तेच आलं तर निर्धास्त राहा. बॅटरी, पॉवर सप्लाय, चार्जर अशा ताकदवान जागी दोन्ही मीटर सारखंच दाखवतील.

आणि इथे उलटी गंमत आहे. जुने रेडिओ, ॲम्प्लिफायर, टेपरेकॉर्डर यांच्या सर्किट डायग्रामवर जे व्होल्टेज छापलेले असतात, ते बऱ्याचदा २०,००० ओहम पर व्होल्टच्या मीटरने घेतलेले असतात, आणि तसं खाली लिहिलेलंही असतं. अशा डायग्रामशी जुळवताना डिजिटल मीटर जास्त व्होल्टेज दाखवतो आणि नवशिका चांगला पार्ट काढून फेकतो. तिथे वडिलांचाच मीटर बरोबर. इंग्लंडच्या पोस्ट खात्यातले इंजिनिअर डोनाल्ड मॅकॅडी यांच्या कल्पनेतून १९२३ मध्ये एव्हो मीटर आला, तेव्हा अँपिअर, व्होल्ट आणि ओहम एकाच डब्यात येणं हीच मोठी गोष्ट होती. १९५१ च्या मॉडेल आठमध्ये २०,००० ओहम पर व्होल्ट आले, आणि ते मॉडेल सुधारत सुधारत २००८ पर्यंत बनत राहिलं. म्हणूनच त्या पिढीच्या कागदांवर हा आकडा इतका दिसतो.

सर्किट ओढण्याचा हा गुण एका ठिकाणी कामाला येतो. घरात एखादी वायर कुठेही जोडलेली नाही, तरी डिजिटल मीटर तिच्यावर ६०-८० व्होल्ट दाखवतो, आणि वायरमन डोकं खाजवत बसतो. शेजारून जाणाऱ्या फेजमुळे आलेलं हे पोकळ व्होल्टेज असतं, त्यात दम नसतो. काट्याचा मीटर लावला की ते खाली बसतं. पण किती बसेल हे तुमच्या मीटरच्या एसीच्या ओहम पर व्होल्ट आकड्यावर आहे. एसीचा आकडा डीसीपेक्षा वेगळा असतो, डायलवर बघा. १,००० ओहम पर व्होल्टचा मीटर २५० च्या रेंजवर अडीच लाख ओहमचा. तो आठ-दहा मीटर वायरवरचं पोकळ व्होल्टेज जवळपास शून्यावर आणतो. ८,००० वाला वीस लाख ओहमचा. तो साधारण अर्ध्यावर आणून सोडतो. आणि विहिरीपर्यंत टाकलेल्या शंभर मीटर केबलवर दोघांचाही भरवसा नाही, तिथे शेजारच्या वायरींमधला कपॅसिटन्स, म्हणजे न जोडताही एसी झिरपू देण्याचा गुण, इतका असतो की काटा चांगला वर राहतो. म्हणून काट्याच्या मीटरवर पोकळ व्होल्टेज दिसतच नाही, असं जे सांगतात ते अर्धं खरं. वायर मेली आहे असं ठरवून हात लावण्याआधी सप्लाय बंद करा.

रीडिंग घेण्याची पद्धत. मीटर टेबलावर आडवा ठेवा. बहुतेक जुने मीटर आडव्यासाठीच बनवलेले, उभे केले की काट्याचा तोल थोडा बदलतो. पिना मोकळ्या ठेवून काटा डाव्या शून्यावर आहे का बघा, नसेल तर काचेखालचा प्लास्टिकचा स्क्रू हलक्या हाताने फिरवा. नखाने काचेवर एक टिचकी मारा, काटा जागचा हलला तर पुन्हा जुळवा. डायलवर जी चकचकीत पट्टी आहे तो आरसा आहे. एक डोळा मिटा आणि काट्याचं प्रतिबिंब काट्यामागे पूर्ण लपेल असं डोकं हलवा, मगच आकडा वाचा. तिरकं बघितलं की एक-दोन रेघांचा फरक सहज पडतो.

रेंज निवडताना लक्षात ठेवा की या मीटरची चूक पूर्ण स्केलच्या टक्केवारीत असते. डीसी तीन टक्के असेल तर २५० च्या रेंजवर साडेसात व्होल्टची चूक धरायची, काटा कुठेही असो. २३० मोजताना ती खपून जाते. पण त्याच रेंजवर २४ व्होल्टची बॅटरी मोजलीत तर रीडिंग १७ ते ३१ च्या मध्ये काहीही असू शकतं. म्हणून वरच्या रेंजपासून सुरुवात करून काटा उजव्या तिसऱ्या भागात येईपर्यंत खाली यायचं. ओहमला मात्र उलट, तिथे काटा मध्यावर हवा; डाव्या टोकाला आकडे इतके दाटीवाटीने असतात की दोनशे किलो आणि पाचशे किलो शेजारी शेजारी बसतात.

ओहमवर शून्य जुळत नाही, यावर. दोन्ही पिना एकमेकींना टेकवून शून्याचं बटण फिरवायचं, आणि हे प्रत्येक रेंज बदलली की पुन्हा करायचं. फक्त सगळ्यांत वरच्या रेंजलाच काटा पोचत नसेल तर तिथली वेगळी बॅटरी संपलीय किंवा बसवलेलीच नाही. काही मीटरमध्ये ती ९ व्होल्टची असते, जुन्यांत १५ किंवा २२.५ ची, आणि तुम्ही घातलेले नवे सेल बहुधा फक्त खालच्या रेंजसाठीचे आहेत. १५ व्होल्टची बॅटरी दुकानात मिळाली नाही तर सीआर २०३२ चे पाच सेल एकावर एक ठेवून १५ व्होल्ट होतात. त्या रेंजवर करंट इतका कमी लागतो की ते पुष्कळ दिवस जातात. मध्ये इन्सुलेशनचा कागद नीट गुंडाळा, सोल्डर थेट सेलवर मारू नका. खालच्या रेंजवर प्रश्न असेल तर आधी बॅटरीच्या पट्ट्या बघा. पांढरी भुकटी अल्कलाइन सेलची असेल तर कापसाच्या बोळ्यावर थोडं व्हिनेगर, मग आयसोप्रोपाइल अल्कोहोल, मग कोरडं होऊ द्या. सिलेक्टरच्या पट्ट्यांवर कार्बन असेल तर कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक थेंब पुरे. फवारा मारला आणि तो काट्याच्या कॉइलपर्यंत गेला तर मीटर हातचा जाईल.

ओहमच्या सगळ्यांत खालच्या रेंजवर मीटर बाहेर शंभर-दीडशे मिलिअँपिअर सोडू शकतो. एलईडी याच करंटने पेटवून बघता येतो. पण दुसऱ्या मीटरचा काटा, टेपचं हेड, नाजूक सेन्सर यांना त्या रेंजवर पिना लावू नका. चालू सर्किटवर ओहम लावायचं नाही हे तर वडिलांनीही सांगितलं असेल.

डायोड उलटा दिसतो यात बिघाड काही नाही. अनेक जुन्या मीटरमध्ये ओहमवर आतल्या बॅटरीचं पॉझिटिव्ह टोक काळ्या पिनेकडे येतं. मीटरच्या आतल्या जोडणीमुळे तसं होतं, आणि डिजिटलची सवय असलेल्याला ते उफराटं वाटतं. खात्री करायची तर डिजिटल मीटर डीसी व्होल्टला लावा आणि या मीटरच्या पिना त्याला जोडा, काळी पॉझिटिव्ह आली की कळेल. मग एक चिठ्ठी मीटरच्या पाठीवर चिकटवा. ट्रान्झिस्टर तपासताना, इलेक्ट्रोलिटिक कपॅसिटर तपासताना हे रोज लागतं.

कपॅसिटर तपासताना या मीटरसमोर मला अजूनही डिजिटल नको वाटतो. शंभर मायक्रोफॅरडचा कपॅसिटर घ्या, आधी रेझिस्टरमधून डिस्चार्ज करा, काळी पिन त्याच्या पॉझिटिव्हला, लाल निगेटिव्हला, रेंज ओहमची एक हजार पटीची. पिन टेकताच काटा झटकन उजवीकडे उडतो आणि मग सावकाश डावीकडे परततो. परत अनंतापर्यंत गेला तर माल चांगला. मध्येच थांबला तर गळती. उडालाच नाही तर आतून ओपन किंवा वाळलेला. त्याच मापाच्या नव्या कपॅसिटरशी उडी ताडून बघितली की किती झिजलाय तेही कळतं. डिजिटलवर याच वेळी नुसते आकडे धावताना दिसतात.

तसंच व्हॉल्यूमच्या पॉटचं, म्हणजे आवाजाच्या बटणामागच्या फिरत्या रेझिस्टरचं. गणपतीच्या आधी मंडळांचे ॲम्प्लिफायर दुरुस्तीला येतात, तक्रार ठरलेली: आवाज वाढवताना खरखरतं. मधल्या आणि कडेच्या टर्मिनलला पिना लावून दांडा एकसारखा सावकाश फिरवायचा. ट्रॅक चांगला असेल तर काटा पाण्यासारखा सरकतो. जिथे कार्बन झिजलाय तिथे तो डावीकडे झटका देतो, आणि नेमकी ती जागा बोटाला कळते. डिजिटल मीटर सेकंदाला दोन-तीनदाच मोजतो, हा झटका त्याच्या दोन आकड्यांमध्ये हरवतो. सैल जोड, तुटक वायर, धडधडणारा रेग्युलेटर, सगळीकडे हेच.

द्राक्षपट्ट्यात, पिंपळगाव-दिंडोरीकडे, ट्रॅक्टर सुरू होत नाही म्हणून नवी बॅटरी घेणारे खूप. आधी हे करा. मीटर डीसी ५० व्होल्टला, एक पिन बॅटरीच्या निगेटिव्ह खुंट्याला (क्लॅम्पला नाही, खुंट्यालाच), दुसरी इंजिनच्या उघड्या धातूला. कुणाला तरी स्टार्टर मारायला सांगा. काटा जागेवरच राहिला तर रेंज अडीच व्होल्टवर आणा आणि पुन्हा मारा. अर्ध्या व्होल्टच्या वर गेला तर अर्थची केबल किंवा तिचा जोड खराब आहे, बॅटरी नाही. थेट अडीचवर सुरुवात करू नका. अर्थ पूर्ण तुटलेला असेल तर बाराच्या बारा व्होल्ट तिथे येतात आणि काटा खिळ्यावर आपटतो.

एसीबद्दल एकच. हा मीटर सरासरी मोजतो आणि साइन वेव्ह धरून आकडा दाखवतो. त्यामुळे स्वस्त इन्व्हर्टरच्या चौकोनी वेव्हवर २३० ऐवजी २५५ च्या आसपास दाखवेल. इन्व्हर्टर बिघडलेला नसतो. पंख्याच्या इलेक्ट्रॉनिक रेग्युलेटरच्या पुढे तर याच्या आकड्याला अर्थच नाही.

करंट सिरीजमध्ये मोजायचा आणि काम झालं की लाल लीड लगेच व्होल्टच्या भोकात परत आणायची. मीटरच्या मरणाचं हे एक नंबरचं कारण आहे. दहा अँपिअरच्या भोकाला बऱ्याच मीटरमध्ये फ्यूजही नसतो. एव्हो पद्धतीच्या मीटरवर जो कट-आउटचा बटण उडतो, तो काटा मर्यादेबाहेर गेला की सुटतो. काट्याला वाचवायला तो छान, पण त्याच्या जिवावर बेफिकीर राहू नका. एसीवर आणि ओहमवर नुकसान त्याच्या आधी होऊन जातं.

आता देखभाल. पहिल्यांदा लीड बदला. जुनं रबर वाकवलं की भेगा दिसतात, आत तांबं हिरवं झालेलं असतं. नव्या सिलिकॉनच्या लीड घ्या, जुन्या भोकांत नव्या पिना बसत नसतील तर ॲडॉप्टर मिळतात. जुळणी बघायची तर चांगल्या डिजिटल मीटरशेजारी ठेवून ९ व्होल्टची बॅटरी दोघांनी मोजा, मग दोन-तीन एक टक्क्याचे रेझिस्टर. डीसी बरोबर आणि एसी कमी दाखवत असेल तर आतला जुना कॉपर ऑक्साइड रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा भाग) थकलेला असतो. त्याच्या जागी साधा सिलिकॉन डायोड ठोकू नका, खालच्या एसी रेंजची सगळी स्केल बिघडते.

डिसेंबर-जानेवारीत निफाडकडची थंडी आणि कोरडी हवा नाशिकला आली की एक नवीनच तक्रार येते: काच पुसली आणि काटा मध्येच अडकला. प्लास्टिकच्या काचेवर स्टॅटिक चार्ज बसलेला असतो, तोच काट्याला ओढतो. भांड्यांच्या लिक्विडचा एक थेंब पाण्यात टाकून त्या पाण्याने कापड किंचित ओलं करा, बाहेरून पुसा आणि तसंच वाळू द्या. काटा सुटतो. तरीही एकाच जागी अडकत असेल तर चुंबकाच्या फटीत लोखंडाचा कण गेलाय. ती फट उघडायला भिंग आणि स्थिर हात लागतो, घरी करू नका. लोहचुंबकाच्या आसपास चिमटा सरकला की स्प्रिंग गेलीच म्हणून समजा. भंगारवाल्याकडे किंवा गोदाकाठच्या बुधवारच्या बाजारात त्याच मॉडेलचा मेलेला मीटर मिळाला तर मात्र घेऊन ठेवा, काच, बटणं आणि सिलेक्टरचे पार्ट त्यातून निघतात.

गाडीवरून नेताना सिलेक्टर ऑफला ठेवा. ऑफ नसेल तर डीसी करंटच्या सगळ्यांत मोठ्या रेंजला, म्हणजे कॉइल आतून शॉर्ट होऊन काटा कमी हेलकावतो. आणि महिनाभर वापरणार नसाल तर सेल काढून डब्यात वेगळे ठेवा, वरच्या रेंजची बॅटरीसुद्धा. ती विसरते आणि तीच गळते.